कोंबड्याचं कारण

मनिलाच्या जीपनीत, म्हणजे तिथल्या प्रवासी गाडीत, इस्कोसमोर दोन लेखिका आपल्या नव्या कादंबरीमालेवरून वाद घालत होत्या. त्याला बाजारात उतरायचं होतं.

"अमिहान, नायिका स्वतःच्या लग्नातून पाद्रीबाबांचा झुंजीचा कोंबडा घेऊन का पळाली, ते पहिल्याच पानावर सांग. वाचक थांबत नसतात."

"थांबतात, लिगायाताई. तिसऱ्या पुस्तकात सांगू."

"तुला तरी माहितीये ना?"

"तिच्या जन्मापासूनचं. कोंबड्याच्यासुद्धा."

"मग निदान कोंबड्याचं तरी आधी सांग."

"त्याचं कळलं की तिचं कळलंच."

बाजार मागे गेला. उतरायचं तर 'पारा' म्हणून ओरडावं लागतं. इस्कोच काय, कुणीच ओरडेना.

शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"वाटेत एकही माणूस उतरला नाही. आता तरी सांगा, बाई."

"बघितलंस, ताई?" अमिहान म्हणाली. "तिसऱ्या पुस्तकात."