सुट्टी न मिळालेल्याचा फोटो

ग्रीसचं प्लॅनिंग तुम्ही खुशाल करा, मला त्यात धरू नका. गेल्या सप्टेंबरात वसईला मदर मेरीचा सण होता. मी दुबईहून, नोकरीच्या गावाहून, आईला फोनवर सांगितलं, "बॉस नुसतं इन्शाल्ला म्हणतोय, लीव्ह देत नाही." आणि बायकोला घेऊन थेट ग्रीसचं बेट गाठलं. भाड्याच्या स्कूटरवरून भर उन्हात अख्खं बेट फिरलो. बायकोने स्टेटसला फोटो टाकला. सगळी वसई तिच्या फोनमध्ये आहे, हे ती विसरली.

आठवडाभर आईचा फोन नाही. परत आल्यावर मीच केला.

"आई, फोटो बघितलास?"

"बघितला. चर्चमध्ये सगळे विचारत होते. मी सांगितलं, जुना आहे. माझ्या पोराला कुठे सुट्टी मिळते."