गुंजन बोलत नाही

तिरोड्याच्या कानाच्या दवाखान्यात दुर्गेश्वरी नंबर लावून बसली होती. मांडीवरच्या बाळाला ती हिंदीत “चुप बेटा, चुप” म्हणत थोपटत होती. शेजारी दोन म्हाताऱ्या बोलत होत्या. एकीला बिलगून चार वर्षांची पोरगी बसली होती.

“नात हाय काय?”

“हो, गुंजन. बोलत नाही म्हून आनली. सून चिठ्ठी काढाले गेली.”

“आयकू येते का तिले?”

“चांगलं येते. पन अंगनवाडीतबी मुकीच बसते.”

“काऊन?”

“घरी हिंदीच बोलाची, असं ठरलं हाय. गोंदियाच्या इंग्रजी शाळेत टाकाचं हाय नं. लेक दिवसभर धानाच्या गिरणीत. सुनेले तोडकीमोडकी येते, मंग मोबाइल लावून देते.”

“अन तुमी?”

“मले हिंदी येतच नाही. सून म्हनते, तुमची बोली लागन तिले, तुमी गप राहा. मंग राहतो गप.”

“दिवसभर?”

“सांजच्याला गोठ्यात जातो, गाईसंगं बोलतो. गाईले तं मनाई नाही.”

“अन हे पोरगी?”

“मागं मागं येते. वासराच्या गळ्यात हात टाकून त्याले सारं सांगते. आपल्या बोलीत. कुठं अटकत नाही.”

दुर्गेश्वरीचा थोपटणारा हात थांबला.

“मंग सुनेले सांगा नं, बाई,” दुसरी म्हातारी म्हणाली.

“सांगतलं तं गोठाबी बंद होईन.”

आतून गुंजनचं नाव पुकारलं. सून चिठ्ठी घेऊन आली.

“आई, डॉक्टरसमोर मीच सांगीन. तुमी गप राहाजा.”

म्हातारीनं मान हलवली. तिच्याकडे पाहून पोरीनंही हलवली.