केसानं गळा

ओरडू नका हो, ऐकू येतंय मला. म्हातारा दिसला की लोक कानाशी येऊन बोंबलतात — कान शाबूत आहेत माझे, गुडघे गेलेत. बसा. बाकडं काय माझ्या बापाचं नाही. कुणाची वाट बघताय? असं. मी नातीची. त्या बंद दाराआड आहे ती. वकील आहे — अजून तरी. आत तिघं बसलेत, वकिलांच्या चुका तपासणारे. तिची सनद ठेवायची की काढून घ्यायची ते ठरवतायत. काय केलं म्हणजे? तिनं काय करायचंय, केलं त्या दीडशहाण्यानं. एआय म्हणतात त्याला. आपण बोलायचं, तो अर्ज लिहिणार. कॉलेजात त्याचा तास होता म्हणे तिला — शिकवणाऱ्या बाईंनी घोकून घेतलं होतं, त्याला लिहू दे काय लिहायचं ते, पण सही घेण्याआधी पक्षकाराला तुम्ही स्वतः वाचून दाखवा. आमच्या वेळी — आमच्या वेळी काय, मी दुसरीतूनच पळालो. जाऊ द्या.

तर दावा माझाच. धाकट्या भावावर. दोघांचं सलून, दोन खुर्च्या, एक आरसा. पठ्ठ्यानं दुकान परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि कुलूप बदललं. मी गेलो नातीच्या हापिसात. तिनं यंत्र पुढं ठेवलं, म्हणाली, आजोबा, मनमोकळं बोला. बोललो. म्हणालो, सख्ख्या भावानं केसानं गळा कापला माझा. आता तुम्हीच सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे? शेंबड्या पोराला कळेल. पण दीडशहाण्यानं हिशेब जुळवला — सलून, केस, गळा, कापला — आणि लिहून मोकळा झाला, प्रतिवादीने केशकर्तनालयात वस्तऱ्याने वादीच्या गळ्यावर वार केला. हसा, हसा. भावाचा वकील नाही हसला. त्यानं भर कोर्टात विचारलं, जखम कुठाय? नात माझ्याकडं बघायला लागली. मी छताकडं. मग त्यानंच केली ही तक्रार.

तोवर गोष्ट बाजारात पसरली होती. ज्याच्या हातात वस्तरा, त्याच्याबद्दल असं कानावर आल्यावर त्याच्यापुढं मान मागं टाकून कोण बसेल? ओस पडलं दुकान. परवा बाहेरून बघितलं — सहज, रस्ता तोच आहे म्हणून — आरशासमोर एकटा उभा राहून स्वतःचीच दाढी करत होता. सावकाश, गिऱ्हाइकाची करतो तशी. ही माझी? वाढलीय खरी. भांडण झाल्यापासून कुणाला हात लावू दिला नाही. बायको म्हणते, कोपऱ्यावर दुसरं सलून आहे. असेल. परक्याच्या हातात गळा नाही देत मी.

तुम्ही पण वकिलासारखं खोदून विचारता हो. वाचून दाखवलं की — म्हणजे तिनं नाही. तिला मोठ्या वकीलसाहेबांनी हाक मारली, तेव्हा तिनं यंत्रालाच वाचायला लावलं. म्हणाली, आजोबा, नीट ऐका, चुकलं असेल तर सांगा, मी आलेच. आणि खाली सही ठोकली, मी स्वतः वाचून दाखवलं म्हणून. तिथंच अडकली पोर. घरचाच म्हातारा, त्याला काय ओळ न् ओळ वाचून दाखवायची — परका असता तर वाचली असती तिनं. सकाळी मला बजावलंय, तुम्ही गप्प बसायचं. मी सांगते त्यांना, चूक माझी, आजोबांना कमी ऐकू येतं, त्यांच्या कानावर काही नीट पडलंच नसेल. मी नाही सांगितलं तिला असं बोलायला. तिचं तिनंच गृहीत धरलंय. मी फक्त — नाही म्हणालो नाही.

पडलं होतं ना कानावर. यंत्राचा आवाज बाईचा होता, बातम्या सांगतात तसा, स्वच्छ. वस्तऱ्याने, म्हणाली. गळ्यावर, म्हणाली. मी — त्याचं काय आहे, डोकं तापलेलं होतं. म्हटलं, असू दे. बसू दे एक चटका. घाबरेल, धावत येईल माझ्या दारात, साबण-वस्तरा घेऊन, दादा बस म्हणेल — मग सांगू, अरे वेड्या, यंत्राची चूक ती. तेवढ्यात नात आली. म्हणाली, सगळं बरोबर ना, आजोबा? म्हटलं, अगदी.

असं बघू नका माझ्याकडं. मी जाणारच होतो आत, सांगणारच होतो, ती बाहेर आली की — दार वाजलं. हे बघा, मी काही बोललो नाही आणि तुम्ही काही ऐकलं नाही. सरका, त्या टोकाला सरका. ये गं, ये. चेहरा केवढासा झालाय तुझा. काय? मला बोलावलंय? कशाला मला — यंत्र वाचत होतं तेव्हा मला ऐकू आलं होतं का, ते विचारायचंय त्यांना?

काय म्हणालीस, बाळ? जरा मोठ्यानं बोल. ऐकू नाही येत मला.