मान आणि स्टिअरिंग

ड्रायव्हर : म्हणजे ऑपरेशननंतर मान वळणारच नाही?

डॉक्टर : वळेल, पण आत्ता वळते त्याच्या निम्मीच. खाली-वर करणंही कमी होईल. मागचं बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागेल.

ड्रायव्हर : एकवीस वर्षं बस चालवतोय मॅडम. अंग वळवून बसलो तर स्टिअरिंग कोण धरणार?

बायको : अहो, ऐकून तरी घ्या. सकाळपासून बाहेर बाकड्यावर बसून माझी कंबर धरली, आणि आत आल्यापासून तुमचं आपलं बस, बस, बस.

डॉक्टर : बोलू द्या त्यांना. हा फोटो बघा. कवटी मानेवर टेकते ती ही जागा. मानेच्या दुसऱ्या मणक्याला बोटासारखं टोक असतं. तुमचं टोक वर सरकलंय आणि मज्जारज्जूत रुततंय. हातापायांचं सगळं इथूनच जातं. श्वासाचंसुद्धा.

ड्रायव्हर : खड्ड्यांमुळे झालं?

डॉक्टर : नाही. हाडांची ठेवणच जन्मापासून अशी आहे. मान लहानपणापासून आखूड असेल तुमची.

बायको : डेपोत ह्यांना 'बिनमान्या' म्हणतात. शर्टाची कॉलर कानाला लागते ह्यांच्या.

ड्रायव्हर : मी पण हसायचो त्यांच्याबरोबर. हा आजार आहे हे एकावन्नाव्या वर्षी कळतंय.

डॉक्टर : सगळ्या आखूड मानांना हा त्रास होत नाही. तुम्हाला झाला.

बायको : ऑपरेशनमध्ये नेमकं करतात काय?

डॉक्टर : पालथं झोपवून मागून उघडतो. हाडं शक्य तितकी जागेवर आणतो, कवटी आणि वरचे मणके स्क्रू-पट्ट्यांनी जोडतो. कमरेचं थोडं हाड काढून तिथे घालतो, म्हणजे सगळं एकजीव होतं. पाच-सहा तास लागतात. नंतर एखादा दिवस श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल कदाचित. मानेला पट्टा तीन महिने.

ड्रायव्हर : मग मी पहिल्यासारखा होईन?

डॉक्टर : तसा शब्द देत नाही मी. हे ऑपरेशन आहे ते आणखी बिघडू नये म्हणून. गेलेलं काही परत येतं. कुणाचं बरंच, कुणाचं थोडं.

बायको : आणि जिवाला?

डॉक्टर : धोका आहे. तिथून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आहे. हातपाय आणखी कमजोर होऊ शकतात, जखम चिघळू शकते. बहुतेक जण नीट बाहेर येतात. पण सगळे येतात असं मी म्हणणार नाही.

ड्रायव्हर : मग रिटायर झाल्यावर बघू. सात वर्षं तर राहिलीत.

डॉक्टर : पाय जड कधीपासून पडतात?

बायको : दोन महिने झाले असतील.

डॉक्टर : मी त्यांना विचारतेय.

ड्रायव्हर : दीड वर्ष.

बायको : दीड?

ड्रायव्हर : सांगून काय करणार होतीस? पायाला तेल लावत बसली असतीस.

डॉक्टर : गाडीवर असताना कधी काही झालं?

ड्रायव्हर : …गेल्या महिन्यात. शाळेजवळचा सिग्नल लागला. ब्रेक दाबला. म्हणजे मला वाटलं दाबला. खाली बघतो तर पाय शेजारी नुसताच ठेवलेला. हँडब्रेक ओढला तेव्हा पुढच्या गाडीला वीतभर अंतर होतं. आत चाळीस माणसं. एक म्हातारी धडपडली. उतरताना मलाच म्हणाली, सावकाश हो बाळा, दमलेला दिसतोस.

बायको : त्या दिवशी घरी येऊन म्हणालात, ट्रॅफिक होतं.

ड्रायव्हर : होतं की ट्रॅफिक.

बायको : आणि दुसऱ्या दिवशी परत गेलात. डबा मीच हातात दिला. उद्यापासून त्या बसला हात लावायचा नाही तुम्ही.

डॉक्टर : उद्यापासून नाही, आजपासून. डेपोला चिठ्ठी मी देते.

ड्रायव्हर : मग करू काय दिवसभर? मला दुसरं काही येत नाही गं.

बायको : जिवंत राहा. तेवढं जमतंय का बघा. मला आता भांडायचंही त्राण नाही.

ड्रायव्हर : …तारीख कधीची मिळेल मॅडम?

डॉक्टर : पुढच्या बुधवारी. तोवर हा पट्टा काढायचा नाही. सिगारेट बंद, नाहीतर हाड जुळत नाही. श्वासाला त्रास झाला, हातपाय अचानक लुळे पडले तर फोन करत बसू नका, सरळ इथे या. आणि मानेला कुणाला हात लावू द्यायचा नाही. मालिश नाही, झटके नाहीत.

बायको : परवाच न्हाव्याकडून कटाकट मान मोडून आलेत.

डॉक्टर : थोडक्यात निभावलं. ह्या मानेत तेवढ्यानेही माणूस जातो.

(ऑपरेशनला चार महिने झाले आहेत. तीच खोली.)

डॉक्टर : चालून दाखवा. वळा. हं. हाड छान धरलंय. बोटं?

ड्रायव्हर : उजवी बरी आहेत. डाव्या हाताची करंगळी माझी नाहीच, असं धरून चालतो.

डॉक्टर : ती कदाचित अशीच राहील. कामाचं काय?

ड्रायव्हर : डेपोत चौकशीच्या खिडकीत बसवलंय. कुणी शेजारून हाक मारली की खुर्चीसकट फिरतो. पोरं म्हणतात, साहेब झालात.

डॉक्टर : राग येतो?

ड्रायव्हर : सकाळी पहिली बस सुटते तेव्हा येतो. मग लोक विचारायला लागतात, कुठली गाडी किती वाजता.

डॉक्टर : आणि तुम्ही कशा आहात?

बायको : मी? मला काय झालंय? मी ठीक.

ड्रायव्हर : ठीक कुठली! बसमध्ये टेकली की डोळा लागतो हिचा. काल आमचा स्टॉप आला नि गेला, हिला पत्ता नाही.

डॉक्टर : मग उठवलं नाहीत?

ड्रायव्हर : नाही. शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो. तिथे कंडक्टर मास्तरला म्हटलं, झोपू दे, परतीची दोन तिकिटं फाड.