ओ येईस्तोवर

नाय नाय, उठायचं नाय भाऊ, अजून एक धपाटं खाल्ल्याबिगर मी सोडत नाय तुम्हाला — पोट भरलं म्हणता? ह्या गारठ्यात कुणाचं पोट भरतं व्हय! घ्या, दही घ्या, ठेचा जरा दमानं घ्या, गुलमंडीच्या शहरी माणसाला झेपायचा नाय. आज मी लई खूश आहे, म्हणून ही बडबड. एरवी मी गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलत नाय, शिवाला विचारा. शिवा म्हणजे माझा पोरगा, शिवशंकर, तुम्ही मोबाईलवर खोली धरली ती त्याच्याकडनंच की. येतोय तो. फुलंब्री सोडली म्हणे त्यानं, म्हणजे कन्नडवरनं वर यायला दीड-दोन तास धरा. मला न्यायला येतोय — कायमची. संभाजीनगरात फ्लॅट आहे त्याचा, दोन वर्षं झाली ‘चल आई, चल आई’ करतोय अन् मी दोन वर्षं नाय म्हणत आले. आज सकाळी मीच फोन लावला. म्हणलं ये बाबा, ने मला, झालं माझं इथलं. पोरगा फोनवर रडला हो. एवढा थोरला बाप्या, रडला. काय? काय सांगायचंय? मघापासनं तोंड उघडताय अन् मिटताय — सकाळच्या आवाजाचंच ना? सहा वाजता ही बाई डोंगरावर का बोंबलती, आसंच ना? सांगते ना. तेवढं मोबाईलवर लिहू नका म्हणजे झालं. आजची शेवटची हाळी होती ती.

हाळी कळती ना? आमची मेंढरामागची जात. माझा सासरा बारा महिने रानात, आमचे हे पण निम्मी जिनगानी रानातच — रात कळपापाशी, पहाटं घरी. ह्या डोंगरावर धुकं उतरलं का आपला हात आपल्याला दिसत नाय, अन् ते बघा, त्या करवंदीच्या जाळीपलीकडं सरळ कडाच आहे, आत्ता दिसत नाय पण आहे. मग माणूस घरी यावा कसा? कानानं. घरातल्या बाईनं ओट्यावर उभं राहून हाळी द्यायची — होऽऽऽ — आसं लांबवून. बाहेरचा माणूस तिकडनं ओ देतो. आवाजाच्या रोखानं चालत येतो. त्याचा कायदा आहे बरं का, सासूनं पहिल्याच पावसाळ्यात शिकवला मला. ओ येईस्तोवर हाळी थांबवायची नाय, घसा फुटला तरी नाय, कारण माणूस वाटंवर असतो. अन् ओ आली का लगेच गप व्हायचं, वर अवाक्षर काढायचं नाय. का? तर आवाज दरीत घुमतो, एकाचे चार होतात अन् माणूस भलत्याच बाजूला पाय टाकतो. एकदा हाळी, एकदा ओ, की झालं. तीस वर्षं मी ह्यांना आसंच घरी आणलं, एक दिवस चुकले नाय.

मग शिवानं ह्या खोल्या काढल्या. शहरातल्या लोकांना डोंगर पायजे, धुकं पायजे, सकाळी गरम नाश्ता पायजे. चांगलं चाललं, वाईट कशाला सांगू. पण कुणीतरी लिहिलं मोबाईलवर, जागा छान आहे पण पहाटं एक बाई ओरडती, झोपमोड होती. शिवा आला, तोंड एवढंसं करून. म्हणला, आई, लोक शांततेसाठी येतात गं, जरा समजून घे. पाटी लावली त्यानं, ती काय तिथं, शांतता राखा म्हणून. मला वाटलं पाटी गिऱ्हाइकासाठी आहे. ती माझ्यासाठी होती. हे हसले, म्हणले, आगं राहू दे, मला डोळं मिटून वाट माहितीय, तू नको ओरडू. मी म्हणलं बरं. आसं कुणी म्हणतं का हो बरं? मी म्हणले.

पोळ्याच्या आधीचा आठवडा होता. आदल्या सांजंला शेरडं घेऊन गेले अन् पहाटं धुकं उतरलं. शेरडं आली सगळी, मोजून अठ्ठावीस. हे नाय आले. तिसऱ्या दिवशी खाली नाल्यात सापडले. पाय घसरला, दुसरं काय. पोलिसालाबी तेच सांगितलं, शिवालाबी तेच — मला काय ऐकू आलं नाय, मी चुलीपाशी होते. दहाव्याला कावळा शिवंना. दोन तास सगळी भावकी उन्हात बसली, शिवानं हात जोडले, मी म्हणलं काय राहिलं असंल तर बोला, कावळा झाडावरनं हालंना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला अन् लोक जेवायला बसले. पण मला कळलं. शिवा म्हणतो, आई, बा गेले, मानून घे. गेले ते खरंच की रं, जळताना बघितलंय मी, मी काय येडी आहे? गेले, पण पोचले नाय. वाटंवरच आहेत. जिनं हाळी द्यायची तिनंच दिली नाय तर माणूस जाईल कुठं? तवापासनं रोज. धुकं असू दे नाय तर ऊन, सहा वाजता ओट्यावर. दोन वर्षं भाऊ. दोन वर्षं नुसती माझीच हाळी माघारी यायची. किती गिऱ्हाईक आलं अन् पळून गेलं, ह्या घराला काय तरी आहे म्हणायला लागले. आहेच की. मी आहे.

अन् आज — थांबा, आधी माझं पुरं होऊ द्या, मग बोला — आज ओ आली! खरी ओ. मी होऽऽ केलं अन् धुक्यातनं, वरच्या अंगानं, ओऽऽ. आंगावर काटा आला. तिथंच बसले ओट्यावर. आवाज जरा येगळा वाटला, पातळ, पण म्हणलं दोन वर्षं दगडात पडलेल्या माणसाचा आवाज आहे, बदलायचाच. मी गप झाले. कायद्यानं. एक शब्द काढला नाय, तोंडावर पदर धरून रडले. मला वाटलं, माफ केलं ह्यांनी मला. लई मोठं मन, पहिल्यापासनं. कारण मी — आता तुम्हाला सांगायला काय, तुम्ही आज जाल, मीबी जाईन — मी चुलीपाशी नव्हते त्या दिवशी. मी इथं होते, ह्या ओट्यावर. त्या कोपऱ्यातल्या खोलीत नवराबायको होते, दिपाली नाव तिचं, तान्हं लेकरू होतं. रातभर किरकिर, पहाटं कुठं डोळा लागला त्याचा. ती दारात आली, हात जोडून म्हणली, मावशी, पाया पडते, आता आवाज करू नका. अन् तेवढ्यात ह्यांची हाळी आली. उलटी. बाहेरच्या माणसानं हाळी द्यायची नसती, पण दिली ह्यांनी, कारण वाट सुटली होती त्यांची. होऽऽ. पुन्हा होऽऽ. ती पोरगी माझ्या तोंडाकडं बघतीय. तिला काय ठावं, तिला वाटलं गुराखी असंल कुणी. नुसतं ओ म्हणायचं होतं हो! एवढंसं. मी नाय म्हणले. म्हणलं लेकरू उठंल, शिवा चिडंल, पुन्हा लिहितील. तिसऱ्या खेपेला आवाज कड्याकडनं आला. मग नाय आला. कुणाला सांगितलं नाय मी हे, शिवाला तर नायच.

झालं. आता बोला, काय म्हणत होता?

काय?

तुम्ही?

वरच्या गॅलरीतनं ओ दिली? पण का — चहाला बोलावतीय वाटलं? मी तुम्हाला? आवो, गिऱ्हाइकाला कुणी आसं होऽऽ करून बोलावतं का! ... नाय, नाव नव्हतं घेतलं. खरंय तुमचं, कुणाचंच नाव नव्हतं, कुणालाबी वाटंल आपल्यालाच हाक आहे. पण नाव कसं घेईन मी? नवऱ्याचं नाव? लग्नात उखाण्यात घेतलं एकदा, बायांनी दार अडवलं म्हणून, त्यानंतर जिभंवर आणलं नाय. बाई नाव घेती का कुठं. शिवाचे बा, आवो, हे — आसंच निभावलं सगळं. माफी कशाला मागताय, उठा, पाया नका पडू. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं. चांगल्या मनानं केलं. पण भाऊ, ओ आली म्हणून मी गप बसले ना. सहापासनं गप बसलीय मी. तीन तास होत आले, अन् ते वाटंवर —

सरका. ताट राहू द्या. शिवाला मी फोन करते, नको येऊ म्हणते, नाय तर येऊ दे, आला तर भेटंल उभ्या उभ्या, मी यायची नाय. तुम्ही बॅग भरा अन् ह्या दारानं नाय, मागच्या दारानं जा, पाय न वाजवता. धुकं हाय अजून. हाय ना? व्हय, हाय. अन् काय बी ऐकू आलं तरी ओ देऊ नका, तुम्हाला तुमच्या लेकराबाळाची आण आहे. आता कुणाला वाटायचं नाय आपल्याला हाक आहे म्हणून.

सूर्यभाऽऽऽन!

ओ सूर्यभाऽऽऽन! इकडं! मी हाय, कस्तुरा! मी हाय इथं, ओट्यावर!

... गप. ऐकू द्या. हालू नका. श्वास बी घेऊ नका.