जानराव माळ्याची मेथी

जमलेल्या भावांनो, मायबहिणींनो, अन् पुढच्या खुर्च्यांवरचे कमिटीचे सायेब लोकहो,

मले भाषण येत नाई. मी दवाखान्यात पट्ट्या बांधतो अन् रजिस्टर लिहितो. जानराव माळी त्याच दवाखान्याच्या बागेले पानी दे. परवा तो गेला. त्याच्यासाठी बोलाले उभा रायलो. पन खरं सांगतो, दुःखापेक्षा किळस जास्त येऊन रायली.

आताच सेक्रेटरी सायेब म्हनाले, जानराव निष्ठावंत सेवक होता. होता ना. मंग दुखन्यात त्याले पडाले एक खाट काहून नाई भेटली?

चिरफाडीचे मोठे डाक्तर अमरावतीहून येतात. महिन्यातून एकदा, अन् मनात आलं तं. अकोल्याले काम निघालं तं नाई, चिखलदऱ्याले हवा खायले गेले तं नाई. रोगी ओसरीत पडून रायतो. नागपूरहून हुकूम आला, रोग्याले डाक्तरासाठी किती थांबा लागते ते मोजून कळवा. सेक्रेटरी सायेब मले म्हनाले, "रोगी आला म्हणजे थांबणं सुरू होत नाही. डॉक्टर खुर्चीत बसले की मग नाव लिहायचं. तिथून मोजायचं." मी तसंच लिहिलं. आमच्या रजिस्टरात अर्ध्या घंट्याच्या वर कोनीच थांबलं नाई. वा रे मोजनी. अन् वा रे लिहिनारा मी.

जानरावले अक्षर येत नव्हतं. तो म्हने, "बापू, तू कागदावर मोज, मी वाफ्यात मोजतो." नवा रोगी ओसरीत आला का त्याच दिवशी हा हिरीजवळ मेथीची एक ओळ पेरे. डाक्तरानं त्याले तपासलं का ती ओळ उपटून जुडी त्याच्याच हातात दे. कोवळी मेथी घेऊन घरी गेलेला रोगी मी पाह्यला नाई. कोनाची जून झाली, कोनाची फुलावर आली. तपासनीले आलेल्या सायबानं त्या हिरव्या ओळी पाह्यल्या अन् बाग उत्तम असा शेरा देल्ला. कमिटीनं तो काचेत मढवला. तो आजबी भिताडावर हाय.

मंग जानरावच्याच घशाले गाठ आली. त्यानं सोताची ओळ पेरली. मी म्हनलं, "जानरावभाऊ, तुमचं नाव पुढं घ्याले सांगतो." तो म्हने, "काहून? बाकीच्यायले जीव नाई का?" पयल्या महिन्यात डाक्तर आलेच नाईत. दुसऱ्या महिन्यात आले, सेक्रेटरी सायबाच्या जावयाचा मस पाह्यला, जेवले अन् गाडीत बसले. जानरावच्या मेथीले शेंगा धरल्या. त्याले पानी गियता येईना. त्याची बायको, आमची वयनी, चमच्यानं पाजे, अन् तेबी बाहेर ये.

काल मी रजिस्टर उघडलं. जानरावचं नावच नाई. म्हंजे तुमच्या मोजनीनं तो एक घडीभर बी थांबला नाई. सायेब, मानूस मारून वर त्याले निष्ठावंत म्हनाले तोंड लागते. तुमाले हाय.

आता ऐका. शेंदूरजन्याची एक बाई गेल्या बजाराच्या दिवसापासून ओसरीत हाय. काखेत गाठ हाय, दोन लेकरं संगं हायेत. तिच्यासाठी ओळ पेरनारा आता कोनी नाई. रजिस्टर मी आनलं हाय. सेक्रेटरी सायेब, हे घ्या, टाक बी घ्या. ती आली ती तारीख लिहा, तुमच्या हातानं. तिच्या खाली जानराव माळी, त्याची तारीख मी सांगतो.

उठा बाप्पा सगळे. वयनी, तुमी बसा.

दोन मिनिटं नाई. सायबाचं लिहून होईस्तोवर आपुन गप उभं रायचं.