ओंगचा जावई हसत नाही

समजावून सांगा म्हणे! आता डोक्यात परात घातली की लोक का हसतात, हे काय समजावून सांगायचं? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं मी त्या ओंगच्या डोक्यात परात घालतोय... म्हणजे घालत होतो... ती आपली जेवण वाढून न्यायची पत्र्याची गोल परात... राचबुरीत घातली, कंचनबुरीत घातली, जत्रेत, लग्नात, विहाराच्या आवारात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला, आणि एकतीस वर्षांत एका माणसानं मला विचारलं नाही, की बाबा रे, का घालतोस? लोक हसायचे, पोट धरून हसायचे, म्हाताऱ्या कवळी हातात काढून घेऊन हसायच्या. आणि हा एक जावई, पहिल्या रांगेत वही उघडून बसतो, आणि खेळ संपल्यावर मला विचारतो काय, तर परातीचा पत्रा किती जाडीचा आहे!

ओंगचा जावई हो. ओंग म्हणजे आमच्या थाई भाषेत पाण्याचा रांजण. त्याचं खरं नाव प्रायून, पण घेर बघून गावानं ओंग ठेवलं, आणि मी हा असा, म्हणून मी तकियाप, जेवायची काडी. काडीनं रांजणाला बडवायचं, एवढाच आमचा धंदा. कोपऱ्यात सानान ढोलकी आणि झांज घेऊन बसायचा. मी परात घातली की त्यानं ढब्-टिंग करायचं, कुणी पडलं की शिट्टी, पुईईई. सानानचा हात असा बसलेला, की त्याच्या स्वतःच्या लग्नात भटजी... आमचे भिक्खू हो... शिंकले, तरी यानं ढब्-टिंग केलं. तर परात बसली, की ओंग डोळे तिरळे करून उभा. हलायचं नाही. एक... दोन... तीन... सगळा मंडप श्वास धरून. आणि मग अगदी शांतपणे, “जरा डावीकडे मार बाबा, उजवी बाजू बायकोसाठी राखून ठेवलीय.” की सगळा मंडप वळून बघणार सैयूद वहिनीकडे, ओंगच्या बायकोकडे, आणि वहिनी बसल्या जागी पायातली चप्पल काढून दाखवणार. संपलं. अर्धी माणसं खुर्चीवरून खाली.

आणि जावई? जावई हसला नाही. हेनिंग त्याचं नाव, डेन्मार्कचा, लिफ्ट तपासायचं काम करतो, दोर तुटेल का, माणूस पडेल का, दिवसभर तेच डोक्यात. ओंगच्या मुलीनं, कुंगनं, तिकडे शिकायला जाऊन याला आणला. पहिल्यांदा खेळ बघितला, तेव्हा कुंगनं त्याला ते वाक्य त्यांच्या भाषेत करून सांगितलं. त्यानं ऐकलं, विचार केला, उठला, वहिनींच्या शेजारी जाऊन बसला आणि हळूच विचारलं की घरात हे किती वर्षं चाललंय, आणि त्यांच्याकडे म्हणे अशा बाबतीत बोलायला माणसं असतात, संकोच करू नका. वहिनी! ज्या बाईनं आजवर घरातली पाल कागदात गुंडाळून बागेत नेऊन सोडली, ती बाई!

बरं, माणूस वाईट नाही हो. सोन्यासारखा माणूस. पण आमचं हसणं त्याला लागायचं, त्याला इलाज काय? विमानातून उतरला की मावश्या आपल्या मायेनं म्हणणार, अगंबाई, जाडा झाला की गं हा! की हा चार दिवस भात सोडणार. एकदा कालव्याच्या पायरीवरून घसरला, गळ्यापर्यंत पाण्यात. चाळीस माणसं धावली, चाळीसही माणसं हसत हसत त्याला ओढतायत. हा बाहेर आला तो पांढराफटक. रात्री कुंगला म्हणाला, मी मरत होतो आणि तुझे लोक हसत होते. कुंग म्हणाली, अरे, तुला लाज वाटू नये म्हणून हसत होते, तूही हसला असतास की झालं असतं. त्यानं वही काढली, लिहून घेतलं, खाली रेघ मारली. पण हसला नाही.

आता ओंगला काय, गप्प बसायचं होतं ना? सगळा देश हसतोय, एक माणूस हसत नाही, सोडून द्यायचं. पण नाही. आठ वर्षं, तुम्हाला सांगतो, आठ वर्षं दर डिसेंबरात जावई यायचा आणि ओंग नवीन काहीतरी काढायचा. दात काळे केले, बाईचं झंपर घातलं, रांजणात शिरून भूत बनला, तर रांजणात खरोखर अडकला, आणि तो कापायला करवत कोण घेऊन आलं? जावई. रांजण कापला, सासऱ्याला काढलं, नाडी बघितली. हसला नाही. ओंग प्रत्येक वेळी आत यायचा, मेंथॉलची ती नळी नाकात खुपसून एक दीर्घ श्वास घ्यायचा... प्रवेशाच्या आधी आणि नंतर, त्याची सवयच... आणि मला विचारायचा, “हसला का रे?”

दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा तेच. छातीला वायरी लावलेल्या, आणि यानं जावई आत येताना बघून एक वायर काढली आणि जीभ बाहेर टाकून पडला. यंत्र ओरडायला लागलं, जावयानं तीन नर्सबाया, एक डॉक्टर गोळा केले. गोंधळ निस्तरला. ओंगनं माझ्याकडे बघितलं, म्हणाला, “हसला का रे?” मी म्हटलं, नाही. त्यानं डोळे मिटले, आणि मला वाटलं, हा एक, दोन, तीन मोजतोय. मी वाट बघत बसलो. वाट बघतच राहिलो, हो.

विहारात त्याची शवपेटी ठेवली. आमच्याकडे संध्याकाळी मंत्रपाठ, मग भाताची पेज, आणि मग माणसं बोलत, खेळत, हसत बसतात, मेलेल्याला एकटं वाटू नये म्हणून. जावयाला हेही पटत नव्हतं, तो आपला काळ्या सुटात एकटाच रडत होता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, घरामागच्या रांजणांची झाकणं वाजतात. दुपारी, वारा नसताना. एक वाजतं, मग जरा थांबून दुसरं. म्हणाल्या, “तकियापभावजी, ते गेलेले नाहीत. अजून तालीम करतायत. चौथ्या दिवशी अग्नी द्यायचाय, तोवर त्या पोराला एकदा हसवा, नाहीतर हे अडकून राहतील.” मी म्हणणार होतो, वहिनी, मांजर असेल. पण मला स्वतःला सकाळी तोंडाला पावडर लावताना मागून मेंथॉलचा वास आला होता. खोलीत मी एकटा. मी वळलोच नाही. कशाला वळायचं?

मग काय, लागलो कामाला. दोन दिवस, साठीतला माणूस मी, पेटीसमोर खेळ केले. परात स्वतःच्याच डोक्यात घालून घेतली, एकदा नाही, सतरा वेळा. सगळं विहार हसतंय, भिक्खू पंख्याआड तोंड लपवतायत, आणि जावई उठला, बाहेर गेला, रुमालात बर्फ बांधून आणला आणि माझ्या टाळूवर धरून बसला. धरून बसला हो, अर्धा तास! पाणी पाठीवरून खाली. आणि सानान मेला प्रत्येक थेंबाला टिंग, टिंग... लोक मरायला टेकले हसून. आणि जावई मला हळू आवाजात म्हणाला, तुम्ही दुःखात आहात, मला कळतं.

तेव्हा मला राग आला. मी दुःखात आहे हे सगळ्या राचबुरीला माहीत होतं. म्हणूनच तर सगळी हसत होती. ते तोंडानं बोलून दाखवायची काय गरज होती? मी पेटीमागे जाऊन बसलो. खरं सांगतो, तिथं मेंथॉलचा वास इतका, की डोळ्यांत पाणी आलं. मेंथॉलनंच आलं. मी म्हटलं, ओंग, नाही हसत रे तो, जा आता तू. तर पेटीच्या आत काहीतरी... म्हणजे लाकूड असतं, उन्हानं वाजतं. तसंच असेल.

चौथा दिवस उजाडला. चारला अग्नी. साडेअकराला शेवटचं जेवण. आता आमची पद्धत अशी, की मेलेल्यापुढे ताट ठेवलं की पेटीवर हातानं टकटक करून हाक मारायची, ऊठ बाबा, जेवायला ये. रोज वहिनी करायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, माझ्यानं होत नाही, तुम्ही करा. मी परात घेतली. भात, तळलेला बांगडा, फणसाचे गरे, सगळं त्याच्या आवडीचं. पेटीपुढच्या टेबलावर एकेक वाटी उतरवली. आणि परात राहिली रिकामी, हातात. समोर ओंग. आता मला सांगा, माझा काय दोष? एकतीस वर्षं रिकामी परात आणि समोर ओंग म्हटल्यावर माझ्या हाताला दुसरं काही माहीत आहे का? मी “ऊठ बाबा, जेव...” एवढं म्हटलं, आणि हात वर गेला, आणि दिली की ठेवून पेटीवर!

ढब्-टिंग.

सानान. त्या भल्या माणसाचाही हातच तो.

आणि मग कुणी हललं नाही, तुम्हाला सांगतो. दोनशे माणसं. भिक्खूंचा हात भिक्षापात्रात तसाच. कारण सगळ्यांना पुढचं माहीत होतं ना! एक... म्हातारे बघतायत, पोरं बघतायत... दोन... मला मेंथॉलचा वास आला, असा समोरून, तोंडावर... तीन... आणि दोनशे माणसांनी, न ठरवता, एकदम वळून वहिनींकडे बघितलं. वहिनींचा हात खाली चपलेकडे गेला होता.

शब्द आला नाही. येणार कुठून? वहिनींनी हात मागे घेतला. मी परात घेऊन उभा, आणि मला पहिल्यांदा कळलं की तो मेलाय. चार दिवस मी पेज वाढत होतो, पण कळलं तेव्हा.

आणि त्या शांततेत मागून आवाज आला. आधी वाटलं कुणाला ठसका लागला. बघतो तर जावई! हसतोय! वाकून हसतोय, खुर्चीला धरून हसतोय, काळा सूट घालून गुडघ्यांवर बसला आणि डोळ्यांतून धारा. बाकी सगळी आम्ही गप्प, भेदरलेली, हसायला निघालेला आमचा देश गप्प, आणि हा एकटा हसतोय. कुंगनं त्याचं तोंड दाबलं, कानात म्हणाली, काय झालं तुला, सगळे बघतायत. तर हा तिच्याकडे असा बघतो, की तीच वेडी. आणि त्याच्या त्या मोडक्यातोडक्या थाईत मोठ्यानं म्हणाला, “तुम्ही ऐकलं नाही? उजवी बाजू बायकोची, म्हणाले ना ते!” पुन्हा हसायला लागला.

वहिनींनी हात जोडले. म्हणाल्या, झालं, सुटले. चारला आम्ही पेटी तीनदा फिरवली, कागदी फुलं वाहिली, धूर सरळ वर गेला. रांजणांची झाकणं त्या दिवसापासून गप्प. मेंथॉलचा वास नाही. मी नळी विकत आणून बघितली, तर ती नुसती मेंथॉल. खेळ चालू आहे, परात आता सानानच्या डोक्यात घालतो, तो ओंगचं वाक्य बोलतो, लोक हसतात. पण मधले ते एक, दोन, तीन मोजायचे ना, ते फार लांब वाटतात हो.

आणि परवा दुपारी कुंगचा फोन, डेन्मार्कहून. तिकडे न्याहारीची वेळ. म्हणाली, काका, काय करू, हेनिंग ऐकत नाही. कुणाच्या हातून चमचा पडला की थांबतो, मनात तीन मोजतो आणि हसत सुटतो. लिफ्ट तपासताना हसला, साहेबासमोर हसला. विचारलं तर म्हणतो, तुझे बाबा बोलले. तुम्ही जरा समजवा ना.

म्हणजे बघा. माणूस जिवंतपणी कंचनबुरीच्या बसला घाबरायचा, आणि गेला कुठं, तर तिकडे बर्फात! सुटले म्हणे! आठ वर्षांनी हशा मिळाल्यावर हा कसला सुटतोय? बसलाय तिथं मांडी ठोकून, एका प्रेक्षकासाठी रोज खेळ करतोय. ज्याला एक विनोद कळत नव्हता त्याला सगळं ऐकू येतं. आणि ज्यानं एकतीस वर्षं परात धरली, त्याला काही नाही. राग नाही हो माझा. मी कुंगला म्हटलं, दे फोन त्याला. ती म्हणाली, कुणाला काका, हेनिंगला?

मी म्हटलं, हो... हेनिंगलाच दे.